चौदा नंबरची साखळी

साखळीकाकांना निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्या पायांपर्यंत अजून पोचली नव्हती. माणूस दूध आणायला निघाला तरी पाय मोजणी करत. अडीच फुटाला एक पाऊल, ना कमी ना जास्त. पुलाजवळच्या हद्दीच्या दगडापासून गल्लीच्या शेवटच्या घराच्या मोठ्या रस्त्याकडच्या भिंतीपर्यंत कागदावर बाराशे फूट होते, म्हणजे चारशे ऐंशी पावलं. काका रोज सकाळी चारशे ऐंशीला थांबत, घसा खाकरत आणि त्या भिंतीपर्यंतचं उरलेलं दीड पाऊल न मोजता चालून टाकत. त्रेचाळीस वर्षं ते दीड पाऊल त्यांनी असंच बिनमोजणीचं ठेवलं होतं.

गल्लीत तीस घरं होती. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी नदीकाठच्या झोपड्यांतल्या तीस कुटुंबांना सरकारनं इथे एका ओळीत जागा दिल्या, प्रत्येकी चाळीस फूट रुंदीच्या. नव्या देशानं या शहरात आखलेली ही पहिली वस्ती. तेव्हा तीस घरांत तीस चुली होत्या. आता घरांच्या डोक्यावर घरं चढली होती, जिन्याखाली दुकानं निघाली होती, गच्च्यांवर पत्र्याच्या खोल्या पडल्या होत्या, आणि चुली दोनशेच्या वर गेल्या होत्या. सकाळी पाण्याच्या वेळी गल्लीत उभं राहिलं तर सगळा देश इथेच राहायला आलाय की काय असं वाटायचं.

ही वस्ती आखली काकांच्या वडिलांनी. त्यांना सगळे थोरले मोजणीदार म्हणत. परक्यांच्या राज्यात मोजणी कचेरीत साखळी ओढायला लागलेला हा माणूस स्वतंत्र देशात या शहराचा पहिला मोजणीदार झाला. गल्लीच्या तोंडाशी 'मोजणीदार मार्ग' अशी निळी पाटी होती ती त्यांच्यासाठी. कचेरीच्या दालनात त्यांचा फोटो होता, आणि फोटोखाली काचेच्या पेटीत त्यांची शंभर फुटी लोखंडी साखळी गुंडाळून ठेवली होती. प्रत्येक कडी एक फुटाची, टोकाच्या दोन कड्या धरायच्या मुठीसकट एक फुटाच्या, आणि मधोमध एक पितळी बिल्ला, त्यावर नंबर चौदा.

थोरल्यांनंतर काका त्याच कचेरीत, आणि काकांनंतर काकांची मुलगी. तिच्या हातात साखळी नव्हती. ती तिपाईवर मशीन ठेवून डोळा लावायची आणि मशीन आकाशातल्या उपग्रहांना विचारून केसाएवढं अंतर सांगायचं. गल्लीतले लोक तिला मशीनताई म्हणत. तीन पिढ्या शहराच्या भिंती मोजत आल्या आणि स्वतःच्या घराची मागची भिंत पोपडे धरून बसली आहे, यावर काकांची बायको हयात होती तोवर रोज बोलायची. आता बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून पोपडेही निवांत होते.

गल्लीच्या शेवटी मोठा रस्ता होता आणि त्या रस्त्यावर आता उड्डाणपूल यायचा होता. त्यासाठी मशीनताईनं तीन दिवस गल्ली मोजली. चौथ्या दिवशी अहवाल गेला, आणि पंधरा दिवसांनी शेवटच्या घरावर लाल फुली उमटली.

शेवटचं घर टेलरबाईंचं. साठीच्या विधवा बाई, तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान, वर मुलगा-सून आणि दोन भाडेकरू. सोमवारी सकाळी त्या नोटीस हातात घेऊन काकांच्या दारात आल्या आणि आत न येता पायरीवरच बसल्या.

"काका, हे वाचा. मी चारदा वाचलं आणि चारही वेळा डोकं तापलं."

काकांनी चष्मा लावला. मूळ वाटपाच्या जागेपेक्षा भिंत चार फूट रस्त्यात पुढे सरकवून बांधकाम केल्याचे मोजणीत आढळले आहे, सदर अतिक्रमण मोबदला न देता पाडण्यात येईल, हरकत असल्यास गुरुवारी सकाळी अकराला सुनावणीस हजर राहावे. खाली साहेबांची सही होती आणि सहीवर शिक्का.

"चार फुटांत काय काय आहे ठाऊक आहे?" टेलरबाई म्हणाल्या. "माझी तीन शिलाई मशीनं, कापायचं टेबल आणि जिना. जिना गेला तर वरची माणसं काय दोरीनं उतरणार?"

"बघू," काका म्हणाले.

"ते जागेचंही एक वेळ सोडा. हा शब्द वाचा. 'सरकवून'. म्हणजे माझ्या सासऱ्यांनी चोरून भिंत पुढे घातली, असंच ना? ते रेल्वेच्या फाटकावर होते, काका. गाडी जायच्या आधी अर्धा मिनिट कधी फाटक उघडलं नाही, अगदी साहेबाची मोटार खोळंबली तरी. तुमच्याच वडिलांनी खुंट्या ठोकून दिल्या होत्या. सासरे सांगायचे, खुंटीला दोरा बांधून पाया खणला. मग चार फूट आले कुठून?"

काकांनी नोटिशीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तुमच्या पोरीचंच मशीन आहे," त्या म्हणाल्या. "तिला विचारा, एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. मशीन झालं म्हणून काय झालं, माझंसुद्धा मधूनच टाका सोडतं." उठता उठता त्या थांबल्या. "आणि एक सांगा. रोज सकाळी माझ्या दाराजवळ येऊन तुम्ही घसा का खाकरता हो? सून म्हणते, काकांना सर्दी झाली असेल. बारा महिने कसली सर्दी?"

"वयच तसं आहे," काका म्हणाले, आणि बाई गेल्यावर त्या रिकाम्या पायरीकडे पाहत बसले.

चार फूट आले कुठून, ते काकांना पक्कं ठाऊक होतं. सगळ्या शहरात ते ठाऊक असलेला तो एकच माणूस होता.

देश स्वतंत्र झाला तेव्हा काका आठ वर्षांचे होते. त्या आठवड्यात कचेरीला एक हुकूम आला: जिथे जिथे परक्या राजाचा मुकुट आहे, तिथून तो काढा. हुकूम यायचाच अवकाश, कचेरीवर नुसती झुंबड उडाली. शिक्के फोडले, टोप्यांवरचे बिल्ले उपटले, खुर्च्यांच्या पाठी तासल्या, साहेबाच्या टेबलावरच्या दौतीलासुद्धा कोणी सोडलं नाही. थोरले आपली चौदा नंबरची साखळी घेऊन आवारात बसले. साखळीच्या दोन्ही पितळी मुठींवर मुकुट ठसठशीत उमटवलेला होता. सोळा वर्षं त्यांनी तो मुकुट तळहातात धरून रानोमाळ साखळी ओढली होती, आणि उन्हात पितळ तापलं की त्याचा छाप हातावर उठायचा. मधल्या बिल्ल्यावरचा मुकुट त्यांनी कानशीनं घासून सपाट केला. मुठींवरचे मुकुट घासून जाईनात, तेव्हा छिन्नी-हातोड्यानं कडीतून मुठीच तोडून बाजूला केल्या. त्या वेळी वडील हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. आठ वर्षांच्या मुलाला यातलं खरं कोणतं ते कळेना.

लोहारानं दोन नव्या मुठी घडवल्या. चांगल्या दणकट, लोखंडी, आपल्या माणसाच्या रुंद पंजाला बसतील अशा. प्रत्येक मूठ जुन्यापेक्षा दोन इंच मोठी. मुठीसकटच साखळीचं माप धरतात, म्हणजे शंभर फुटांची साखळी आता शंभर फूट चार इंचांची झाली. हे कोणाच्या लक्षात यायला हवं होतं, कारण कचेरीच्या आवारात साखळी तपासायचे दोन दगड होते, बरोबर शंभर फुटांवर पुरलेले. दर वर्षी साखळी त्या दगडांवर ताणून पाहायची असा परक्यांचा शिरस्ता. पण त्या दगडांच्या डोक्यावरही मुकुट होता. तेव्हा तेही उपटले आणि त्यांच्या जागी नवे, आपले दगड पुरले. अंतर नेमकं कशानं मोजलं? चौदा नंबरच्या साखळीनं.

त्यानंतर ती साखळी दर वर्षी तपासली गेली आणि दर वर्षी तंतोतंत उतरली. साखळीची साक्ष दगड देत होते आणि दगडांची साखळी. त्याच साखळीनं थोरल्यांनी पुढच्या वर्षी वस्ती आखली. तीस कुटुंबांना एकेक कोपरा हातानं दाखवला. बारा साखळ्यांत गल्ली संपली आणि शेवटच्या घराची शेवटची खुंटी कागदापेक्षा चार फूट पुढे, बिनबोभाट रस्त्यात जाऊन बसली.

काका एकतीस वर्षांचे असताना राजधानीच्या कचेरीतून पोलादी टेप आली. कोरी, चकचकीत. नव्या खेळण्यासारखी त्यांनी ती आवारात दगडापासून दगडापर्यंत लावली आणि चार इंच उरले. पुन्हा लावली. पुन्हा चार इंच. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी वडिलांना सांगितलं. थोरल्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. ते जेवत होते, जेवणच थांबलं.

"मुठी," एवढंच ते आधी म्हणाले. मग म्हणाले, "आता काय करू? देशाची पहिली वस्ती चुकीच्या साखळीनं आखली, असं लिहून देऊ? त्यांना हेच हवंय. म्हणतील, बघा, आम्ही गेलो आणि यांना साधं मोजतासुद्धा येईना."

"पण बाबा, चूक झाली आहे."

"कोणाला कमी गेलंय का? सगळ्यांना बोटभर जास्तच गेलंय. रस्ता रिकामा पडलाय. कोणाचं काय अडतंय?" मग थोरले अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्या माघारी काय करायचं ते कर."

थोरले गेले त्यालाही अठ्ठावीस वर्षं झाली. काकांनी काहीच केलं नाही. तोंडात मिठाची गुळणी धरली, तीच साखळी ओढली, तिच्याच मोजणीखाली सह्या केल्या, आणि निवृत्तीच्या दिवशी ती काचेच्या पेटीत ठेवली गेली तेव्हा सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या.

मंगळवारी संध्याकाळी मशीनताई घरी आली ती कागदाची सुरळी घेऊनच. चहाचे कप बाजूला सारून तिनं गल्लीचा नकाशा टेबलावर पसरला.

"बाबा, जरा बघा. पहिलं घर कागदापेक्षा दीड इंच पुढे. दहावं सोळा इंच. विसावं बत्तीस. तिसावं अठ्ठेचाळीस इंच, म्हणजे चार फूट."

"हं."

"टेलरकाकूंच्या सासऱ्यांनी चोरी केली असती तर एकच भिंत सरकली असती. इथे तीसच्या तीस घरं सरकली आहेत, दर शंभर फुटांना चार इंच या हिशेबानं. माणसं इतक्या शिस्तीत चोरी करत नाहीत, बाबा."

काकांना हसू आलं. "मग साहेबांना सांग हे."

"सांगितलं. आज पेटी उघडून साखळीसुद्धा काढली. पोलादी टेपला चार इंच जास्त भरली. तर साहेब म्हणाले, इतकी वर्षं ओढून ओढून ताणली असेल, वस्ती आखली तेव्हा ती बरोबरच असणार. तेव्हाच चुकीची होती याचा पुरावा आण, मग बघतो. तोवर भिंत सरकवली असंच धरायचं."

"बरोबर आहे त्यांचं."

"मी कड्या एकेक करून मोजल्या. शंभरच्या शंभर. एकही ताणलेली नाही." ती थांबली. तिच्या आवाजात आता कचेरी नव्हती. "मुठी मोठ्या आहेत, बाबा. या मुठी पहिल्यापासूनच्या आहेत का?"

लहानपणी याच साखळीच्या कड्यांवर ती आजोबांकडून आकडे शिकली होती. थोरले खुर्चीत बसून एक टोक धरायचे आणि ती कड्या मोजत अंगणभर जायची. पन्नासला बिल्ला आला की आजोबा टाळी देत. काकांना ते सगळं आठवलं आणि ते म्हणाले, "मला काय ठाऊक? माझ्या जन्माआधीची साखळी."

मशीनताईनं त्यांच्याकडे पाहिलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा कसा दिसतो हे मोजणी कचेरीत नोकरी करणाऱ्याला शिकवावं लागत नाही, तिथे येणारा दर दुसरा माणूस शेजाऱ्याच्या जमिनीबद्दल बोलत असतो. तिनं वाद घातला नाही. नकाशाची सुरळी केली, रबर चढवलं आणि म्हणाली, "ठीक आहे. गुरुवारी सुनावणीत माझा अहवाल खरा आहे म्हणून मलाच सही करायची आहे, म्हणून विचारलं."

बुधवारी सकाळी काका नेहमीसारखे दूध आणायला गेले. पुलाच्या दगडापासून पाय मोजत निघाले. चारशे ऐंशीला थांबले. घसा खाकरला नाही, कारण टेलरबाई दारातच होत्या. मुलगा आणि भाडेकरू मिळून जड शिलाई मशीन उचलून आतल्या खोलीत नेत होते, आणि बाई कापायच्या टेबलाखालचे कपड्यांचे गठ्ठे मोकळे करत होत्या. भिंतीला फाटकवाल्या सासऱ्यांचा जुना कंदील टांगलेला होता, एक बाजू लाल, एक हिरवी. तो काढावा की राहू द्यावा, असा त्यांचा हात मध्येच थांबला होता.

"सुनावणी उद्या आहे, आजच कशाला हलवताय?" काका म्हणाले.

"पुरावा नाही म्हणतात. तुमची पोर काल येऊन सांगून गेली, तिचा जीव तुटतोय बिचारीचा. पण मेलेल्या माणसाची बाजू कोण मांडणार?" बाईंनी कंदील उतरवला आणि पदरानं पुसला. "नातवाला शाळेत कोणीतरी म्हणालंसुद्धा, तुझ्या पणजोबांनी रस्ता चोरला."

काका निघाले. घरी आल्यावर दूध तसंच ओट्यावर ठेवून त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. थोरल्यांचा कोट, थोरल्यांचे बूट, कागदांचा एक गठ्ठा, आणि अगदी तळाशी जुन्या खाकी कापडात बांधलेलं काहीतरी जड. कापड सोडायची गरज नव्हती, तरी त्यांनी सोडलं. दोन पितळी मुठी. कडेला छिन्नीचे घाव, वर मुकुट, आणि मुकुटाखाली बारीक ठसा: चौदा. पितळ चांगलं आहे, टाकवत नाही, एवढंच कारण देऊन थोरल्यांनी त्या ठेवल्या होत्या. काकांना आज पहिल्यांदा वाटलं की कारण पितळाचं नसावं. लपवायचंच असतं तर भंगारवाला रोज दारावरून जात होता.

गुरुवारी अकराला सुनावणी सुरू झाली. दालनात साहेब, लिहून घेणारा कारकून, मशीनताई, टेलरबाई आणि त्यांचा मुलगा. भिंतीवरून थोरले पाहत होते. साहेब माणूस वाईट नव्हते. दिवसाला चाळीस फायली उरकणारा माणूस जेवढा चांगला असू शकतो तेवढे ते होते. त्यांनी नोटीस वाचली, पुरावा आहे का विचारलं, उत्तराची वाट पाहत घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात साखळीकाका दारात आले. हातात खाकी गाठोडं होतं.

"साहेब, मला बोलायचं आहे."

"काका, तुम्ही? बसा ना. पण तुमचा या फायलीशी काय संबंध?"

"आहे. पेटीतली साखळी बाहेर काढायला सांगा. आणि एक पक्कड आणि हातोडी लागेल."

सगळे आवारात आले. शिपायानं पेटी उघडून साखळी आणली. काकांनी उकिडवं बसून लोहारानं घडवलेल्या लोखंडी मुठी दोन्ही टोकांच्या कड्यांतून सोडवल्या. मग गाठोडं उघडलं. पितळ उन्हात चमकलं आणि मुकुट सगळ्यांना दिसला. कारकून चटकन म्हणाला, "अरे, हे कुठून आलं?"

काकांनी बिल्ल्यावरचा नंबर साहेबांना दाखवला, मुठींवरचा नंबर दाखवला. नंबर जुळले. मग त्यांनी एक पितळी मूठ टोकाच्या कडीत अडकवली आणि कडी पकडीनं दाबून बंद केली. दुसरी अडकवताना पक्कड दोनदा सुटली. जो मुकुट वडिलांनी रडत-हसत तोडला, तो आज आपण आपल्या हातानं परत बसवतो आहोत, तोही त्यांच्याच फोटोपासून वीस पावलांवर. काकांना मनापासून लाज वाटली. मशीनताई पुढे आली, तिनं कडी धरून ठेवली, आणि मूठ बसली.

साखळी जमिनीवर ताणली. एक मूठ काकांच्या हातात, दुसरी शिपायाच्या. मशीनताईनं आधी पोलादी टेप लावली, मग मशीन. शंभर फूट. तपासणीच्या दगडापासून चार इंच आत.

मग काकांनी सगळं सांगितलं. हुकूम, छिन्नी, लोहार, दगड, सगळं. कारकून लिहीत होता. साहेब दगडाकडे पाहत होते, मग साखळीकडे, मग पुन्हा दगडाकडे.

"म्हणजे इतकी वर्षं साखळी दगडावर तपासली आणि दगड साखळीवर," ते म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. "कमाल आहे. म्हणजे परक्यांची साखळी बरोबर होती आणि आपण स्वतंत्र झालो त्याच आठवड्यात ती बिघडवली!"

कारकूनही हसला. शिपाई हसावं की नाही ते ठरवत होता.

"हो साहेब," काका म्हणाले. "त्यांची साखळी बरोबर होती. माझ्या वडिलांनी तीच सोळा वर्षं ओढली, सगळा मुलूख मोजला. पण त्या बरोबर साखळीनं परक्यांनी नदीकाठच्या एकाही माणसाला वीतभर जागा मोजून दिली नाही. आमची चुकली, पण तीस घरं तिनंच दिली."

हसणं थांबलं. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. आवाज आता फायलीतला होता.

"त्रेचाळीस वर्षं."

"आणि तुम्ही याच साखळीनं मोजण्या केल्यात?"

"केल्या."

"तुमच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, काका."

"लिहा."

साहेबांनी तिथेच, आवारात उभ्या उभ्या सांगितलं. सरकारी मापात चूक असेल तर ती सरकारच्या अंगावर. खुंट्या जिथे ठोकल्या तिथेच हद्द. तीसही घरं जागच्या जागी राहतील, उड्डाणपुलाचा खांब चार फूट पलीकडे घ्यावा लागेल, आणि 'सरकवून' हा शब्द नोटिशीतून काढला जाईल. टेलरबाईंच्या मुलानं आईचा हात धरला. बाईंनी तो सोडवला आणि त्या सरळ काकांसमोर आल्या.

"सोमवारी मी तुमच्या पायरीवर बसले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हाही ठाऊक होतं?"

"हो."

"माझ्या सासऱ्यांना चोर म्हणत होते, आणि तुम्ही 'बघू' म्हणालात."

काकांनी मान खाली घातली. बाई मुलाबरोबर फाटकातून निघून गेल्या. आभार मानले नाहीत, आणि काकांना ते बरोबरच वाटलं.

पितळी मुठी पुरावा म्हणून फायलीला बांधायच्या होत्या. काकांनी त्या पुन्हा सोडवल्या आणि लोखंडी मुठी परत साखळीत अडकवल्या. साहेब म्हणाले, आता कशाला, ती साखळी तर चुकीचीच आहे. काका म्हणाले, असू द्या, या मुठी तिच्याच आहेत. मशीनताईनं कागदाच्या तुकड्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ही साखळी चार इंच मोठी आहे. मोजणी: थोरले मोजणीदार,' आणि तो पेटीच्या काचेला आतून चिकटवला. थोरल्यांचा फोटो मात्र राहिला. तो काढायचा तर त्या जागी कोणाचा लावायचा यासाठी वेगळी फाइल करावी लागते, आणि ती करायची कोणाची तयारी नव्हती.

पुढचे सहा दिवस काकांनी दूध दुसऱ्याकडून मागवलं. सातव्या दिवशी तो माणूस आला नाही, म्हणून ते स्वतः निघाले. गल्लीत दोघं-तिघं त्यांच्याशी बोलले, दोघं-तिघं बोलले नाहीत. पाय मोजत राहिले. चारशे ऐंशीला काका थांबले. समोरच्या भिंतीवरची लाल फुली कोणीतरी चुन्यानं पुसली होती, तरी खालून गुलाबी दिसत होती. शिलाई मशीनं पुन्हा पुढच्या खोलीत आली होती. कंदील आपल्या खिळ्यावर होता.

काकांनी पाऊल उचललं आणि मोजलं. चारशे एक्याऐंशी. मग उरलेलं अर्धं. हात पुढे केला तर भिंत हाताला लागली.

आत टेलरबाईंचं मशीन खडखडत होतं, ते थांबलं. त्यांनी वर पाहिलं नाही, सुईतला दोरा तोडला.

"किती भरली?" त्यांनी विचारलं.

"चारशे एक्याऐंशी," काका म्हणाले. "आणि वर अर्धं."

बाईंनी पायानं एक स्टूल दाराकडे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून पूर्ण मोजत जा."